अस्मिता अभ्यासाला बसली आहे

१

अस्मिताला मोठ्यानं म्हटल्याशिवाय काही पाठ होत नसे. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या त्या घरात मी वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी मला जाग आली ती तिच्या आवाजानं. माझं बाथरूम आणि खालची तिची खोली एकाच डक्टला लागून होती, त्यामुळे खाली कोणी खाकरलं तरी वर ऐकू यायचं. पेशी, हाडं, बेडकाचं हृदय, सगळं इंग्रजीतून धडाधड चालायचं आणि मध्येच तिचं स्वतःचं काहीतरी यायचं. एखादी जांभई, गाण्याची अर्धी ओळ, "अरे यार, हे काय आहे बे" असा वैताग. मग परत पहिल्यापासून. महिनाभरात मला त्या आवाजाची इतकी सवय झाली की तो नसला की चहा बेचव लागायचा.

मी वर्ध्याची. नवा रायपुरातल्या एका संस्थेत मुलांच्या वाचनपुस्तकांसाठी चित्रं काढते. तिकडे जाणारी बस चुकली की पुढची कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून हळूहळू मी साहेबांकडून बरेच दिवस घरूनच काम करायची परवानगी मिळवली. त्यामुळे खालच्या घराचा दिवस मला पाठ झाला.

घरमालक प्रताप वरोकर रेल्वेत होते. त्यांचे आजोबा वरोऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आले, ते इथलेच झाले. काका अबोल, सज्जन माणूस. वीणाकाकू बोलक्या. अस्मिता त्यांची एकुलती एक. बारावी झाली, मेडिकलच्या नीट परीक्षेत नंबर लागला नाही, म्हणून तिला एक वर्ष ड्रॉप घ्यायला लावलं होतं. काकांच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी मुलीचा आदल्या वर्षी नंबर लागला होता. ते नाव त्या घरात रोज निघायचं.

आणि रोजचा एक आवाज होता. दाराची कडी वाजायची, दार थोडं उघडायचं. मग काही क्षण काहीच नाही. मग दार बंद. काकू पोरगी अभ्यासाला बसली आहे की नाही ते पाहून जात. पाहताना त्या कधी बोलत नसत.

२

अस्मिताला डॉक्टर व्हायचं नव्हतं. तिला चित्रं काढायची होती. मी चित्रकार आहे हे कळल्यावर ती रविवारी दुपारी काकू झोपल्या की वर यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं ओढणीखालून कागदांची चळत काढली आणि लाजत माझ्यासमोर ठेवली.

ती एक चित्रकादंबरी होती. पानापानावर चौकटी, चौकटीत माणसं, माणसांच्या तोंडी फुगे. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, तिच्याच क्लासमधला एक मुलगा, दोघांची घरं आणि घरातल्या अपेक्षा. चित्रं कच्ची होती पण जिवंत होती. गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर दोघं उभी आहेत, मुलीच्या डोळ्यांत तिखटानं पाणी आलंय आणि मुलगा रुमाल द्यायचं सोडून नुसता बघत बसलाय, अशी एक चौकट होती. ती पाहून मी मोठ्यानं हसले. अस्मिता म्हणाली, "असंच झालं होतं, दीदी."

मुलाचं नाव शिशिर साहू. तात्यापारा भागात त्याच्या वडिलांचं पंखे-कूलरचं दुकान होतं. फुग्यांतलं बोलणं सगळं तो लिहायचा. नायिकेला नाव मात्र नव्हतं. त्याला आवडेल ते हिला पसंत पडत नसे, त्यावरून दोघांचं भांडण चालू होतं.

एक पान मला फार आवडलं. त्यात चौकट एकच, पूर्ण पानभर. टेबल, टेबलावर दिवा, समोर भिंत आणि खुर्चीत बसलेली ती मुलगी, पाठमोरी. पाठीवर लांब वेणी. बाकी काही नाही.

"इथं चेहरा का नाही?" मी विचारलं.

"हे आईला दिसते तसं आहे," ती म्हणाली. "दारातून. आईला इतकंच दिसते."

३

काकांना ती पानं गादीखाली सापडली. मी त्या दिवशी ऑफिसात होते. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मुंगवड्या घालता घालता काकूंनीच मला सांगितलं. काका रागावले नाहीत, हात उगारला नाही. ओसरीत खुर्ची टाकून बसले आणि शांतपणे एकेक पान उभं फाडत गेले. अस्मिता समोर उभी होती. साहू, दुकानवाला, आपल्यातला नाही, एवढंच ते मधूनमधून म्हणत होते. ती रडली नाही याचं काकूंना जास्त वाईट वाटलं होतं.

तिचा फोन काढून घेतला. क्लास बंद केला. तिच्या खोलीच्या आतल्या बाजूची कडी काका स्वतः स्क्रू काढून घेऊन गेले. संध्याकाळी ते वर आले, दाराबाहेरच उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मोनाली, परीक्षा होयेपर्यंत तिले वर येऊ देऊ नका. एवढी मेहरबानी करा."

"सगळीच फाडली?" मी काकूंना विचारलं.

"एक ठेवलं मी." मुंगवडीची पिठाळ बोटं त्यांनी पदराला पुसली. "त्यात ते अभ्यास करून राहिली. चांगलं काढलं ते तिनं. म्हटलं, हे राहू द्या. तिच्या टेबलासमोर लावलं भिंतीवर. अशी पोट्टी पाहिजे, म्हटलं. अशीच."

नंतर बरेच दिवस खालून आवाज आला नाही. अस्मिता मनातल्या मनात वाचत असावी, किंवा नुसतीच बसत असावी. दार मात्र उघडत होतं, बंद होत होतं. पूर्वीपेक्षा जास्त वेळा.

मग एका सकाळी आवाज परत सुरू झाला. मला बरं वाटलं. मी ब्रश तोंडात धरून डक्टच्या जाळीजवळ उभी राहिले आणि ऐकत राहिले. पाठांतर छान चाललं होतं. कुठं अडत नव्हतं. मी चूळ भरली, आंघोळ केली, कपडे धुतले, तरी ते अडलं नाही. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हाही नाही.

तिची जांभई ऐकू आली नाही हे मला दुपारी, चित्रात रंग भरताना लक्षात आलं.

४

उन्हाळा लागला होता. रविवारी दुपारी कॉलोनीत चिटपाखरू नव्हतं, घराघरांतून कूलर घरघरत होते. दार वाजलं. उघडलं तर अस्मिता.

मी आधी तिला आत ओढलं, कारण खालच्यांनी पाहिलं तर काय ही धास्ती. ती सुकली होती. काही न बोलता ती बाथरूमच्या दारापाशी गेली आणि मला खुणेनं बोलावलं.

खालून अस्मिताचा आवाज येत होता. मानवी कानाचे भाग. मध्य कर्ण, तीन हाडं, त्यांची नावं.

"ऐकू येऊन राहिलं ना तुम्हाले?" तिनं विचारलं.

"रेकॉर्डिंग लावून आलीस?"

"फोन कुठं आहे माझ्याजवळ."

मग काकांनी कुठून तरी लावलं असेल, मी म्हटलं. क्लासवाल्यांची रेकॉर्डिंग असतात, एखाद्या मुलीचा आवाज सारखा वाटू शकतो, डक्टमधून येताना आवाज बदलतो. मी हे सगळं भराभर बोलत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिचा आवाज मी कित्येक महिने ऐकला होता. मला तो ओळखता येत होता.

तिनं सांगितलं ते असं. दोन दिवसांपूर्वी, म्हणजे आवाज परत सुरू झाला त्याच सकाळी, ती बाथरूमला गेली होती. परत आली तर तिच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून हा आवाज. काकू दार थोडं उघडून आत पाहत होत्या. अस्मिता त्यांच्या मागेच उभी राहिली.

"आई पाहून हसली. लय दिवसांनी अशी हसली. मग दार लावलं, पलटली आणि माझ्या बाजूनं निघून गेली किचनमध्ये. मी समोर होती, दीदी."

"तू आत पाहिलंस?"

"नाही."

"का नाही?"

"मले भेव वाटला," ती म्हणाली. "आई इतकी खुश होती."

आम्ही दोघी त्या जाळीखाली उभ्या होतो. मी त्या आवाजात श्वास शोधत होते. बोलणाऱ्या माणसाला कुठंतरी श्वास घ्यावाच लागतो. कानाची हाडं संपली, मज्जातंतू सुरू झाले, मग मेंदू. मी ऐकत राहिले, आणि मग ऐकवेना म्हणून बाथरूमचं दार ओढून घेतलं.

५

पुढचे काही दिवस अस्मितानं चैन केली हे मला सांगितलंच पाहिजे. ती तरुण होती. तिला कोंडून ठेवलं होतं आणि आता कोणी अडवत नव्हतं. ती दिवसाढवळ्या फाटकातून बाहेर पडायची. शिशिरबरोबर तळ्याकाठी बसायची, गुपचुप खायची, संध्याकाळी परत यायची. कोणी विचारलं नाही की कुठं गेली होतीस. पानं पुन्हा काढायला घेतली होती तिनं, माझ्याच टेबलावर. फाडलेली सगळी तिला आठवत होती.

"घरात काय म्हणतात?" मी विचारायची.

"काहीच नाही म्हणत. मस्त आहे."

मी माझ्या परीनं अर्थ लावत होते. काकूंनी मनातून पोरीला माफ केलं असेल, काकांच्या धाकानं उघड बोलत नसतील, म्हणून दुर्लक्ष करत असतील. आवाजाचं म्हणाल तर काहीतरी यंत्र असेलच. आईबापांना शेजाऱ्यांना ऐकवायचं असेल. असली वेडी माणसं मी पाहिली होती.

पण अस्मिता माझ्याकडे जेवायला लागली. आधी एखाद्या वेळी, मग रोज. मी विचारलं तेव्हा म्हणाली, खाली तिचं ताट वाढलेलं नसतं. एक ताट काकू तिच्या खोलीत नेतात आणि रिकामं परत आणतात. एकदा ही स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच वाढून घ्यायला लागली, तर काकू तिथंच ओट्याशी उभ्या होत्या आणि दचकल्या. भांड्यांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि मांजर आलं असेल म्हणून खिडकी लावून घेतली.

तिचे कपडे खोलीत होते आणि खोलीत ती जात नव्हती. माझेच कपडे घालायला लागली. माझ्याकडेच झोपायला लागली.

एका सकाळी शिशिर फाटकाशी भेटला. उंच, सडपातळ मुलगा, ओठावर कोवळी मिशी. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, अस्मिता मुझसे नाराज़ है क्या?" आदल्या दिवशी तो घरासमोरून सायकलवरून जात होता. तिच्या खोलीच्या खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. आत ती बसलेली दिसली. त्यानं घंटी वाजवली. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिचा आवाज आला. स्वच्छ, शांत आवाजात ती म्हणाली, भैया, पढ़ाई कर रही हूँ, आप मत आया करो.

"भैया," तो परत म्हणाला.

अस्मिता त्या वेळी वर माझ्या खोलीत, माझ्या गाऊनमध्ये, चहात टोस्ट बुडवून खात होती. मी त्याला वर नेलं. तो तिच्याकडे पाहत दारातच थांबला. मग त्यानं तिचं नाव घेतलं आणि ती उठून त्याच्याजवळ गेली. खालून पाठांतर चालूच होतं.

६

त्याच दुपारी मी ठरवलं की पुरे झालं. मी शिकलेली बाई आहे. दार उघडून आत जे काही यंत्र असेल ते बंद करायचं आणि पोरीला आईसमोर उभं करायचं. मी अस्मिताचा हात धरून तिला खाली नेलं.

काकू कूलरसमोर बसून लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या. मला पाहून प्रसन्न हसल्या, या म्हणाल्या. मग त्यांची नजर अस्मितावर गेली. मी त्यांचा चेहरा नीट पाहत होते. नाटक असतं तर मला दिसलं असतं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. "तुमची बहीण का? वर्ध्याहून आली?"

"आई," अस्मिता म्हणाली.

काकू थोड्या गोंधळल्या, मग हसल्या. "बाई, मले आईच म्हनते हे. मोठी लाघवी आहे." त्यांनी कैरीची एक फोड मीठ लावून तिच्या हातावर ठेवली. "बस बेटा. हळू बोला फक्त. आतमधी अस्मी अभ्यास करून राहिली."

अस्मिता ती फोड हातात धरून उभी राहिली. मी म्हणाले, काकू, मला अस्मिताला भेटायचं आहे. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. काकू लगेच उठल्या. जणू कोणी विचारायची त्या वाटच पाहत होत्या. ओठावर बोट ठेवून त्या पुढे झाल्या आणि दार हळूच ढकललं, जेमतेम डोकं आत जाईल एवढं.

खोलीत दिवसाही अंधारलेलं होतं. टेबलावर दिवा होता. खुर्चीत ती बसली होती, पाठमोरी, अस्मिताचा निळा कुर्ता घालून. पाठीवर लांब वेणी. पंखा जोरात फिरत होता, पलंगावरची चादर फडफडत होती, भिंतीवरचं कॅलेंडर आपटत होतं. वेणीतून सुटलेले केस तिच्या मानेवर होते, ते हलत नव्हते. काकूंनी लावलेलं ते पान समोरच्या भिंतीवर असायला हवं होतं. मध्ये तिचं डोकं होतं, त्यामुळे मला दिसलं नाही.

आवाज तिच्याकडूनच येत होता. म्हणजे तिच्या दिशेनं येत होता. मी एक पाऊल आत टाकलं.

पाठांतर थांबलं. मी ऐकत असताना पहिल्यांदा थांबलं. तिची मान किंचित ताठ झाली आणि डावा खांदा मागे यायला लागला, माणूस वळून पाहायला लागतं तसा.

काकूंनी माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि दार लावलं. "डिस्टर्ब होते तिले," त्या कुजबुजल्या. त्यांची बोटं गार पडली होती. त्यांनाही ते वळणं पाहायचं नव्हतं, हे मला त्या बोटांनी सांगितलं. बंद दाराच्या आत पुन्हा सुरुवात झाली, जिथं थांबलं होतं त्याच शब्दापासून.

७

संध्याकाळी अस्मिता वडिलांसाठी फाटकाशी जाऊन उभी राहिली. आई नाही तर बाबा, असं तिला वाटत होतं. लहानपणी ते ड्यूटीवरून आले की ती स्कूटरवर पुढे उभी राहून गल्लीत एक चक्कर मारायची, हे तिनं मला जिन्यातच सांगितलं होतं. मी गच्चीवरून पाहत होते. काकांची स्कूटर आली, थांबली. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि काहीतरी बोलली. काकांनी हेल्मेट काढलं, चष्मा पुसला, तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं.

"किससे मिलना है, बेटा?" ते म्हणाले.

घरात ते कधी हिंदी बोलत नसत. हिंदी बाहेरच्यांसाठी होती.

ती वर आली आणि माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. मी तिला हलवलं आणि माझ्याकडे वळवलं. त्यानंतर तिला पाठमोरी पाहणं मला सहनच होईना.

पोलिसांकडे जावं असं माझ्या मनात आलं. पण सांगणार काय? एक मुलगी हरवली आहे आणि ती तिच्या खोलीत बसून अभ्यास करते आहे? डॉक्टर, नातेवाईक, सगळ्यांचा विचार मी केला. तिची एक मामी भिलाईला होती. तिला मी फोन लावून अस्मिताच्या हातात दिला. मामी म्हणाली, आत्ताच अस्मिताशी बोलले मी, कोण थट्टा करून राहिलं, आणि फोन ठेवला.

मी नवा रायपुरात संस्थेच्या जवळ छोटा फ्लॅट पाहिला. निघायच्या आदल्या दिवशी नीटची परीक्षा होती. सकाळी खाली गडबड ऐकू आली म्हणून मी गच्चीच्या कठड्याशी गेले. काका स्कूटर काढत होते. काकूंनी दही-साखर आणली होती, हळदीकुंकवाची ताटली आणली होती. मग घरातून ती आली. रायपुरात पोरी उन्हात निघताना चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळतात, डोळे तेवढे उघडे ठेवतात. हिनं डोळेही उघडे ठेवले नव्हते. ओढणी सगळीकडून सारखी घट्ट होती. काकूंनी कुंकवाचं बोट उचललं आणि ते कुठं टेकवावं हे न कळून क्षणभर हवेतच धरलं. मग ताटली खाली ठेवली.

स्कूटर गेली. परीक्षेला फोटो जुळवतात, अंगठा घेतात, हे मला माहीत होतं. मी दिवसभर त्याचाच विचार करत सामान बांधलं. संध्याकाळी डक्टमधून परत पाठांतर सुरू झालं. परीक्षा संपली होती, तरी.

८

नवा रायपूर म्हणजे रुंद रस्ते आणि मोकळं आकाश. आम्हाला ते बरं वाटलं. आसपासच्यांना मी सांगितलं, ही माझी धाकटी बहीण. अस्मिताला तिच्या नावानं हाक मारणारे आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि शिशिर. तो रविवारी मिळेल त्या बसनं यायचा, प्रत्येक गोष्टीला हव दीदी, हव दीदी असा होकार देत माझ्या हाताखाली भाजी चिरायचा, मग दोघं खाली मान घालून पानं करत बसायची. कादंबरी वाढत होती. अस्मिता आता पाठमोरं कोणाला काढत नसे. गर्दीतली शेवटची माणसंसुद्धा आपल्याकडे तोंड करून उभी असायची. शिशिर त्यावर कधी बोलला नाही. एकदा तो तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसता बसलेला मी पाहिला, आणि न खोकता परत स्वयंपाकघरात गेले.

निकाल लागला. वरोकरांच्या मुलीचा नंबर लागला, गल्लीत पेढे वाटले, असं शिशिरनं सांगितलं. अस्मितानं मान डोलावली आणि पेन्सिलीला टोक काढत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, टळटळीत दुपारी, काकू आमच्या दारात उभ्या होत्या. पत्ता त्यांनी संस्थेत विचारून काढला होता. त्या खंगल्या होत्या, ब्लाउज खांद्यावरून घसरत होतं. अस्मितानं दार उघडलं होतं. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग काकू म्हणाल्या, "तुमची बहीण आहे ना अजून इथं. बरं झालं."

अस्मिता पाणी आणायला आत गेली. काकू बसल्या, पण खुर्चीच्या काठावर.

"एकट्या आलात?" मी विचारलं.

"खाली ऑटोत बसवून आली तिले. घरी एकटी नाही ठेवत. हे तं आजकाल उशिराच येतात, आले तरी ओसरीतच बसतात." त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. "आता कशाले अभ्यास, म्हटलं. नंबर लागला. ऊठ, इकडं पाहा. ते हात धरून नेलं तं येते, नाही तं उठत नाही. रात्रंदिवस म्हनूनच राहिली."

अस्मिता दाराच्या चौकटीत उभी होती.

"काल म्हटलं, डोक्याले तेल लावून देतो," काकू म्हणाल्या. "लहानपनी लय आवडायचं तिले. मागं उभी राहून वेणी सोडली. तेल घेतलं. हात वरून पुढं नेला, कपाळाकडं." त्यांनी पेला खाली ठेवला आणि तळहाताकडे पाहिलं. "पुढंही केसच लागले, मोनाली. मी हात फिरवत राहिली. खाली हनुवटीपर्यंत नेला. पुढंही पाठच होती."



"मग काय केलं तुम्ही?" मी विचारलं.

"वेणी घालून देल्ली," काकू म्हणाल्या. "दुसरं काय करू. माझीच आहे ना."

मग त्या उठल्या आणि अस्मिताच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. परवानगी मागावी तसा त्यांनी हात वर केला. अस्मिता हलली नाही. काकूंनी तिच्या कपाळावर बोटं ठेवली, भुवयांवरून फिरवली, मिटलेल्या पापण्यांवरून, नाकावरून, ओठांवरून. सावकाश, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत. मला वाटलं, आता आठवेल.

"आमच्या अस्मीचं नाक बी असंच असंल," काकू म्हणाल्या.

अस्मितानं तो हात दोन्ही हातांनी धरून आपल्या गालावर दाबून ठेवला. "आई, मीच आहे," ती म्हणाली. एकदाच म्हणाली, आणि इतक्या हळू, की ते ऐकायला लावायची ताकद तिच्यात उरली नव्हती हे मला कळलं.

काकूंनी हात हळुवार सोडवून घेतला. तिच्या डोक्यावरून फिरवला. "सुखी राहा, बेटा," त्या म्हणाल्या. "जातो मी. ते वाट पाहून राहिली खाली."

मी थांबवायला हवं होतं. काय म्हणून थांबवायचं ते सुचेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या. आम्ही गॅलरीत आलो. खाली उन्हात ऑटो उभा होता. ड्रायव्हर सीटच्या पार कडेला सरकून बसला होता, आरसा त्यानं वर फिरवून ठेवला होता. काकू आत चढल्या. आत काहीतरी बोलल्या, पदर सारखा केला. ऑटो सुरू झाला आणि रस्त्याला लागला. मागची ताडपत्री उन्हाळ्यामुळे गुंडाळून वर बांधलेली होती, त्यातून शेजारीशेजारी बसलेल्या दोघी स्पष्ट दिसत होत्या.

अस्मितानं हाक मारली. ती हाक त्या रिकाम्या रस्त्यावर कुठंही पोचली असती.

दोघींपैकी कोणीही वळून पाहिलं नाही.